‘सिटी ऑफ गॉड’ वस्तीतल्या पोरांना दाखवायचा असंल तर असा दाखवा

भुसावळला रेल्वे लाइनीच्या पलीकडे एका वस्तीत आमची छोटी अभ्यासिका आहे, पत्र्याची खोली, दोन ट्यूबलाइट आन् एक कूलर. मी तिथं संध्याकाळी बसतो. तीनेक वर्षांपूर्वी मी तिथल्या मोठ्या पोरांना ‘सिटी ऑफ गॉड’ दाखवला आणि चुकीचा दाखवला. म्हणजे लॅपटॉप लावला, पिच्चर सुरू केला, संपला, टाळ्या वाजल्या, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी बघतो तर पोरं गल्लीत बोटांची बंदूक करून झे-सारखी चालताय. झे म्हणजे त्यातला डॉन. फोटो काढणारा रॉकेट कोणाच्याच लक्षात नव्हता. तेव्हा कळलं की हा सिनेमा नुसता लावून देण्यासारखा नाही, त्याची तयारी लागते. त्यानंतर दोनदा दाखवला आणि आता जे जमलंय ते इथं लिहितोय, कोणाला आपल्या वस्तीत करायचं असंल तर उपयोगी पडेल.

आधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राझीलच्या रिओ शहराच्या पश्चिम भागात, मुख्य शहरापासून लांब, सिदाज दे देउस नावाची खरीखुरी वस्ती आहे, नावाचा अर्थ देवाचं शहर. १९६० च्या दशकात सरकारनेच ती बांधली, शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून माणसं तिकडे नेऊन टाकली. पाउलो लिन्स तिथंच वाढला, त्याने १९९७ साली कादंबरी लिहिली, आणि त्यावर फर्नांदो मेरेलेस आणि कातिया लुंद यांनी २००२ मध्ये सिनेमा केला. साठच्या दशकापासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंतची गोष्ट आहे. ॲक्टर म्हणून बहुतेक पोरं रिओच्या वस्त्यांमधलीच घेतली, आधी महिनोन् महिने वर्कशॉप घेऊन तयार केली, म्हणूनच ती ॲक्टिंग करताय असं वाटतच नाही. आमच्या इथला एक जण पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाला, भाऊ, हाई ते आपलीच गल्ली शे. हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल, येऊ द्या, पण तिथंच थांबू नका.

पहिली गोष्ट वयाची. अठराच्या खालच्या कोणालाच बसवू नका. पोरं हट्ट करतात, मोबाईलवर याच्यापेक्षा वाईट बघतो म्हणतात, खरंही असंल, पण आपण बोलावून दाखवणं वेगळं. यात बलात्कार आहे, लहान लेकरांवर गोळी झाडायचा सीन आहे. तो लेकरांचा सीन मी आता सरळ पुढे ढकलतो, मोठ्यांनाही दाखवत नाही. कारण आपल्यासमोर बसलेल्यांत दोन-तीन जण असे असतात ज्यांनी लहानपणी बेदम मार खाल्लेला असतो, ती पोरं त्या सीननंतर गप होऊन जातात आणि मग रात्रभर आपल्यालाही झोप लागत नाही. काय झालं ते तोंडाने एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

परवानगीचं पण बघा. चार मित्र घरात बसून बघणं वेगळं, वस्तीत पडदा लावून शो करायचा तर ज्यांच्याकडे सिनेमाचे हक्क आहेत त्यांना विचारावं लागतं. एखादी फिल्म सोसायटी ओळखीची असंल तर हे काम सोपं होतं. लाऊडस्पीकर लावायचा तर पोलीस स्टेशनचा कागद घ्या, आणि रात्री १० नंतर सकाळी ६ पर्यंत तो वाजवता येत नाही, हा देशभराचा नियम आहे. सिनेमा १३० मिनिटांचा, त्यात आपण थांबणार, बोलणार, आणि मे महिन्यात आपल्याकडे सात वाजेपर्यंत भिंती तापलेल्या असतात, साडेसातच्या आधी बसवतच नाही. म्हणून दोन रात्री धरा. एका रात्रीत उरकायचा हट्ट मी एकदा केला होता, शेवटचा अर्धा तास घाईत गेला आणि खरी मजा तर त्या अर्ध्या तासातच आहे.

भाषेचा प्रश्न मोठा आहे. सिनेमा पोर्तुगीजमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं पळताय, आपली पोरं दोन ओळी वाचतात आणि मग नुसते गोळ्यांचे सीन बघतात. म्हणजे चूक पोरांची नाही, वाचता येत नाही तर बंदूकच दिसणार नं. याच्यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय म्हणजे ज्याला बऱ्यापैकी इंग्रजी येतं असा एक पोरगा माइक घेऊन बाजूला बसवायचा, त्याने दोन दिवस आधी पिच्चर बघून ठेवायचा आणि मग अहिराणीत नाहीतर मराठीत सांगत जायचं. आमच्या इथं दोन कॉलेजच्या पोरांनी वाटून घेतलं, एक रॉकेटचं बोलायचा, दुसरा बाकी सगळ्यांचं, आणि झे अहिराणीत दम द्यायला लागला तेव्हा मागच्या बाया पण पुढे येऊन बसल्या. दुसरा उपाय मेहनतीचा, पण एकदा केलं की कायमचं. कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडायचं, आधी नंबर, खालच्या ओळीत वेळ कुठून कुठपर्यंत, त्याखाली मराठी वाक्य, मग एक ओळ रिकामी सोडायची, असं करत जायचं. इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल असंल तर वेळा आयत्या मिळतात, नुसती वाक्यं बदलायची. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं, आणि फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवायचं. व्हीएलसीत अक्षरं मागेपुढे होत असतील तर कीबोर्डवरचं जी आणि एच बटण दाबून जुळवता येतात. वाक्य लांब करू नका. एका वेळी सात-आठ शब्द, बस.

प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, लग्नाचे व्हिडीओवाले देतात. पांढरी चादर ताणून बांधा, सैल राहिली तर हवेने चेहरे हलतात. एक्स्टेन्शन बोर्ड दोन ठेवा. आमच्या इथं मालगाडी गेली की काहीच ऐकू येत नाही, म्हणून एकाच्या हातात स्पेसबार दिलेला असतो, गाडीचा आवाज आला की तो थांबवतो. लाइट गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही बॅटरीच्या उजेडात तेवढ्या वेळात गप्पा मारल्या, आणि खरं सांगू, त्या गप्पा सगळ्यात चांगल्या झाल्या.

आता मुख्य काम, थांबायचं कुठं. माझं म्हणणं एकच आहे, या सिनेमात बंदूक बघू नका, पैसा बघा. कोणाला किती मिळतात, कोण देतं, कोणाकडे जातात. पोरांना पहिल्यांदाच सांगून टाका की आपण आज हिशोब बघणार आहोत, आणि भिंतीवर मोठा चार्ट पेपर लावा, स्केचपेन लिहिणाऱ्याच्या हातात द्या. हातात काम असलं की बघायची नजर बदलते.

पहिला थांबा अगदी सुरुवातीलाच. सारखी सारखी घरं, धूळ, नीट रस्ता नाही, लाइट नाही, शहर लांब. इथं थांबवून विचारा, तुमचे आजा-आजी इथं कुठून आले? आमच्याकडे कोणी सातपुड्यातून आलेलं निघालं, कोणी रेल्वेच्या कामावर आलेल्याचा नातू, कोणाचं कापूस बुडाला म्हणून गाव सुटलेलं. अर्ध्या पोरांना माहीतच नव्हतं, घरी जाऊन विचारून आली. कोणतीही वस्ती आपोआप उगवत नाही, कोणीतरी लोकांना तिथं ढकललेलं असतं किंवा दुसरीकडे जागा दिलेली नसते, हे इथं आपसूक निघतं, भाषण द्यायची गरज पडत नाही.

दुसरा थांबा गॅसच्या गाडीचा. तीन पोरं गॅसची गाडी लुटतात, आणि सिलिंडर वस्तीतल्या लोकांना घेऊ देतात. लोक खूश, पळत येऊन सिलिंडर नेतात. विचारा, यांना वाईट कोण म्हणेल? ही चर्चा तापते. एक जण म्हणाला, आमच्या इथं पण एक भाऊ होता, कोणाच्या घरी दवाखाना निघाला की पैसे द्यायचा. दुसरा म्हणाला, आणि मग त्याच्या पोराला कामाला लावायचा. या दोन वाक्यांवर आम्ही वीस मिनिटं बोललो. मध्ये पडू नका. फक्त एक पक्कं सांगून ठेवा की कोणाचं नाव घ्यायचं नाही, ना आपलं, ना दुसऱ्याचं, आणि या गप्पांचं शूटिंग करायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. पोरं भरात येऊन काहीही सांगून जातात, कोणीतरी मोबाईलवर काढतं आणि ते भलत्याच्या हातात पडतं. अल्पवयीन असताना केस झालेल्या पोराची ओळख उघड करणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

तिसरा थांबा सगळ्यात मोठा. सिनेमात नशेच्या धंद्याची पूर्ण शिडी समजावून सांगितलीये, नोकरीत प्रमोशन मिळतं तशी. लहान पोरगं आधी कोल्ड्रिंक आणून देतं, निरोप पोचवतं, त्याचे चांगले पैसे मिळतात. मग पोलीस येतात का त्यावर नजर ठेवायला बसतं. मग विकतं. मग बंदूक घेतं. इथं थांबून चार्टवर चार रकाने करा: काम काय, पैसे किती, पकडला गेला तर आत कोण जातं, आणि या कामात म्हातारा झालेला कोणी बघितलाय का. पोरं आपल्याकडचे आकडे भरतात, तुम्ही भरू नका. शेवटच्या रकान्यापाशी येऊन एकदम शांतता होते. त्याच चार्टवर खाली केळीच्या ट्रकवर लोडिंग, दालमिल, चटईचा कारखाना, गाडीत पाण्याच्या बाटल्या विकणं, हॉटेलात ताटं उचलणं हेही लिहायला लावा, त्याचे पण तेच चार रकाने. हे मुद्दाम करा, कारण नुसतं वाईट धंद्याचं मांडलं तर पोरं म्हणतात, मग आम्ही करू काय? आणि त्यांचं बरोबरच आहे. लोडिंगचा रोज ऐकून मलाच लाज वाटली होती, आणि तीही उन्हाळ्यात, आपल्याकडच्या पंचेचाळीसच्या उन्हात.

इथंच एक कायद्याची गोष्ट सांगून टाका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७८ आहे, लहान पोराकडून दारू नाहीतर नशेचा माल विकून घेणाऱ्याला, पोचवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कोल्ड्रिंक आणायला पाठवणारा मोठा माणूस पोराचा काका नाही, तो पोराच्या आडून स्वतःला वाचवतोय. आणि दुसरी बाजू पण सांगा, कारण ‘अठराच्या आत काही होत नाही’ असं पोरांच्या डोक्यात कोणीतरी पक्कं भरून ठेवलेलं असतं. सोळा ते अठरामधल्या पोराने फार गंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ तपासणी करून त्याची केस मोठ्या माणसासारखी चालवायला पाठवू शकतं. हे आमच्या इथं एकालाही माहीत नव्हतं. अठरा-वीसच्या पोरांना हे सांगायचं कारण म्हणजे त्यांचे लहान भाऊ.

चौथा थांबा मला सगळ्यात आवडतो आणि पोरं नेमकी तोच विसरतात. रॉकेट सुपरमार्केटमध्ये नोकरीला लागतो. वस्तीतली बारकी टोळकी तिथं चोरी करायला येते, आणि हा त्याच वस्तीतला, म्हणून हाच सामील असणार असं धरून मालक याला काढून टाकतात. याने काहीच केलेलं नसतं. इथं थांबवा आणि काही विचारूच नका, नुसतं दोन मिनिटं थांबा. हात वर होतात. आमच्याकडे एकाने सांगितलं की शहरातल्या एका दुकानात इंटरव्ह्यू चांगला झाला आणि पत्ता सांगितल्यावर फोन आलाच नाही. दुसऱ्याने सांगितलं तो आता मामाचा पत्ता देतो. मग पुढचा भाग लावा, रॉकेट चिडून मित्राबरोबर लूटमार करायला निघतो, बसमध्ये चढतात तर कंडक्टर इतका चांगला बोलतो की याला लुटायचं कसं, बेकरीत जातात तर काउंटरवरची पोरगी गोड निघते, मग एका गाडीवाल्याला धरायचं ठरवतात तर तो पण भला माणूस निघतो. पोरं हसतात, हसू द्या. मग विचारा, रॉकेट चोर का नाही झाला? चांगला होता म्हणून? की त्या दिवशी त्याच्याशी तीन माणसं नीट बोलली म्हणून? माझ्या मते अख्ख्या सिनेमाची किल्ली या दहा मिनिटांत आहे. पहिली रात्र इथं संपवा, साधारण अर्धा सिनेमा झालेला असतो.

दुसऱ्या रात्री तो कंडक्टर, नेड, त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगा. सज्जन माणूस, झे त्याच्या मैत्रिणीवर अत्याचार करतो, भावाला ठार मारतो, आणि नेड दुसऱ्या टोळीत जातो, पण अट घालून जातो की निष्पापाला मारायचं नाही. ती अट कशी हळूहळू निसटते ते बघा. शेवटी दरोड्यात त्याच्या हातून एक वॉचमन मरतो, आणि त्या वॉचमनचाच पोरगा नंतर नेडच्याच टोळीत भरती होऊन त्याला गोळी घालतो. चार्टवर बाण काढा, कोणी कोणाला का मारलं. कागद पुरत नाही. दोन गटांतल्या मारामाऱ्या आपल्या पोरांनी जवळून बघितलेल्या असतात, म्हणून इथं समजावून सांगायची गरज नसते, फक्त बाण काढणारा हात पोराचा असू द्या. आणि बंदुका आल्या कुठून तेही विचारा, कारण वस्तीत कोणी बंदुका बनवत नाही. सिनेमात पोलीस पैसे घेतात, हत्यारं बाहेरून येतात. आपल्याकडे पण सातपुड्याच्या पलीकडून, एमपी बॉर्डरवरून आलेले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या सारख्या असतात. पकडलेल्या पोराचा फोटो असतो. बनवणाऱ्याचा, मधल्या दलालाचा क्वचितच.

आणि मग शेवटचा थांबा, फोटोचा. रॉकेटकडे दोन फोटो आहेत. एकात पोलीस झेकडून पैसे घेताना दिसताय, दुसऱ्यात झे मरून पडलेला. पहिला छापला तर नाव होईल पण जीव जाईल, दुसरा दिला तर पेपरात नोकरी लागेल. तो दुसरा देतो. इथं मतदान घ्या, चिठ्ठ्यांवर घ्या, हात वर करून नको, कारण हात वर करायला सांगितले की सगळे शूर होतात. आमच्याकडे हात वर करून जवळपास सगळेच पहिल्या फोटोला होते आणि चिठ्ठीत उलटं निघालं. घाबरणं खोटं नाही, ते मोकळं बोलता आलं पाहिजे.

याला जोडून एक काम द्या. महिनाभराचे लोकल पेपर गोळा करा, रद्दीवाला देतो, आणि आपल्या वस्तीचं नाव जिथं जिथं आलंय ती कात्रणं काढा. गुन्ह्याच्या बातम्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. ढीग बघूनच पोरं बोलायला लागतात. रॉकेटने दिलेला फोटो हा असाच पहिल्या ढिगातला.

सिनेमाच्या मर्यादा पण सांगा, भक्त होऊन दाखवू नका. यात बाया जवळपास नाहीतच, आहेत त्या कोणाची तरी मैत्रीण नाहीतर आई. रोज कामाला जाणारी माणसं पण मागेच राहतात, आणि त्या वस्तीत जास्त माणसं तीच होती. तिथलाच रॅपर एमव्ही बिल याने तेव्हाच उघड टीका केली होती की सिनेमाने वस्तीचं नाव जगभर बदनाम केलं आणि तिथल्या लोकांच्या हाती काही आलं नाही. हे पोरांना सांगाच. आणि हेही सांगा की याच वस्तीतल्या राफाएला सिल्वाने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं गोल्ड मिळवलं, त्या ऑलिम्पिकमधलं ब्राझीलचं पहिलं गोल्ड. तिचा मेडलवाला फोटो प्रोजेक्टरवर लावा. आमच्या इथं मागे उभ्या असलेल्या दोन मुली तेवढ्यासाठी आत आल्या होत्या.

ज्यांना आपल्या मातीतलं दाखवायचं असंल त्यांनी ‘चक्र’ बघा, १९८१ चा, जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. मुंबईची झोपडपट्टी, आई आणि तिचा वयात येणारा पोरगा, आणि ज्याच्याकडे तो पोरगा हिरो म्हणून बघतो तो लुक्का. आईचं काम स्मिता पाटीलने केलंय, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, नॅशनल अवॉर्ड मिळालं तिला यासाठी. हाही मोठ्यांसाठीच. ‘सिटी ऑफ गॉड’ धावतो, हा सरपटतो, पोरांना पहिल्यांदा कंटाळवाणा वाटतो, पण शेवटी बुलडोझर येतो तेव्हा कोणी हलत नाही. लुक्का थकत जातो, खंगत जातो, त्याच्यासारखं चालायची कोणाची इच्छा होत नाही. मला विचाराल तर हा नंतर दाखवा, आधी नको.

आयांना वेगळं बसवा, सिनेमा न दाखवता. दुपारी चहा ठेवा आणि एकच विचारा, पोराने घरात पैसे आणून दिले तर कुठून आणले हे विचारता येतं का? मी याच्यावर माझं मत सांगत नाही कधी. एक मावशी म्हणाल्या होत्या, विचारलं तर उद्यापासून तो देणं बंद करेल आणि गॅस संपलाय. बाकीच्या बाया माना खाली घालून चहा पीत राहिल्या.

अठराच्या खालची पोरं रुसतात, त्यांच्यासाठी रॉकेटचं काम ठेवा. एका रविवारी सकाळी मोबाईल घेऊन वस्तीत फिरवा, प्रत्येकाने पाच फोटो, अट एकच, कोणाचा चेहरा नको. नळावरचे हंडे, वाळत घातलेले पापड, रेल्वेच्या भिंतीवरचं नाव, आजीचे पाय, असे फोटो येतात. ते छापून अभ्यासिकेत लावा.

आणि शो झाल्यावरच्या आठवड्यासाठी मोकळे राहा. कोणीतरी एकटा येतो. गर्दीत सगळ्यात जास्त हसलेलाच असतो बहुतेक. चार इकडचे तिकडचे विषय काढतो, मग सांगतो. त्याला लगेच उपदेश करू नका, पोलिसात चल म्हणू नका, आणि मी आहे ना असंही उगाच म्हणू नका, जे आपल्याच्याने होणार नाही ते कबूल करू नये. पूर्ण ऐका. अठराच्या खालच्या भावाची गोष्ट असंल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर द्या, केस-कोर्टाचं असंल तर विधी सेवावाल्यांचा १५१०० आहे, गरिबाला वकील फुकट मिळतो, आणि फोन त्याच्यासोबत बसून लावा, कारण एकटा असला की तो लावत नाही. आमच्याकडे मागच्या वेळी एक जण चौथ्या दिवशी आला, चाव्या घेऊन मी कुलूपच लावत होतो. कुलूप परत काढलं, कूलर चालू केला, आणि साडेदहापर्यंत बसलो.